पेशंटबरोबर कोण आहे?

‘पेशंटबरोबर कोण आहे?’ हा प्रश्न आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत दिवसभर कुणी ना कुणी विचारत असतं. वॉर्डातली सिस्टर विचारते, एक्स-रेच्या दारातला वॉर्डबॉय विचारतो, बिलाच्या खिडकीतला कारकून मान वर न करता विचारतो. प्रश्न आला की भिंतीला टेकून बसलेलं कुणीतरी लगबगीनं उठतं. हातात पिशवी, पिशवीत फाइल, सीटी स्कॅनचं मोठं पाकीट, पाण्याची बाटली, बिस्किटाचा पुडा आणि झेरॉक्सचा गठ्ठा. त्यानं रक्तपेढीत धावायचं, सही करायची, स्ट्रेचरला हात लावायचा, औषधाच्या रांगेत उभं राहायचं आणि परत आल्यावर ‘काय म्हणाले डॉक्टर?’ या पेशंटच्या प्रश्नाला तोंड द्यायचं. कॅन्सरच्या उपचारात तर या माणसाशिवाय पान हलत नाही. पण उपचाराचा हिशेब मांडला जातो तेव्हा डॉक्टर, औषध, मशीन, खाट, तपासण्या सगळं त्यात येतं आणि हा माणूस तेवढा बाहेर राहतो. माझं म्हणणं असं, की त्याचं राहणं, जेवण, प्रवास आणि बुडालेला रोज हा उपचाराचाच खर्च आहे. तो औषधाच्या बिलाशेजारी लिहिला पाहिजे आणि औषधासारखाच सरकारी तिजोरीतून भागवला पाहिजे. यात दयेचा मुद्दा नंतरचा. रुग्ण बरा होण्या-न होण्याशी या खर्चाचा थेट संबंध आहे, हा पहिला.

हे तपासून बघायला परळइतकी चांगली जागा नाही. सर दोराबजी टाटा ट्रस्टनं 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं. 1957 मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि 1962 मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेलं. अणुऊर्जा खातं आणि इस्पितळ ही जोडी अनेकांना विचित्र वाटते, पण कॅन्सरच्या उपचारात किरणांचं जे स्थान आहे ते पाहिलं तर तशी ती वाटू नये. इथे दर वर्षी साठ हजारांहून जास्त नवे रुग्ण नाव नोंदवतात, आणि त्यात उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, आसामपासून आलेल्यांचा मोठा वाटा असतो. बहुसंख्य रुग्णांवर मोफत किंवा नाममात्र दरात उपचार होतात, आणि उपचारांचा दर्जा देशातला अव्वल. म्हणजे ‘डॉक्टर लुटतात’, ‘इंजेक्शन परवडत नाही’ या नेहमीच्या तक्रारींचा जोर जिथे सर्वांत कमी असावा अशी ही जागा. तरीही या परिसरातल्या फुटपाथवर आणि हिंदमाताच्या उड्डाणपुलाखाली कॅन्सरच्या रुग्णांची कुटुंबं पथारी टाकून राहतात, हे मुंबईला वर्षानुवर्षं ठाऊक आहे. हा त्या रुग्णालयाचा दोष म्हणता येणार नाही. सर्जननं शस्त्रक्रिया करायची की लॉज चालवायचा? पण मग ज्या कुटुंबाचा उपचारावर जवळजवळ काहीच खर्च होत नाही ते उघड्यावर का झोपतं, याचं उत्तर दुसरीकडे शोधावं लागतं.

ते उत्तर साध्या अंकगणितात आहे. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला रेडिएशन द्यायचं ठरलं तर साधारण तीस ते पस्तीस वेळा द्यावं लागतं. कुणी त्याला शेक म्हणतं, कुणी लाईट. सोमवार ते शुक्रवार रोज एकदा, शनिवार-रविवार सुट्टी. पेशंट टेबलावर असतो तो वेळ पंधरा मिनिटं धरा. तेहतीस वेळा पंधरा मिनिटं म्हणजे सव्वाआठ तास. या सव्वाआठ तासांसाठी बीडचा किंवा गोंदियाचा माणूस दीड महिना मुंबईत राहतो, आणि एकटा नाही, दोघं राहतात. ते सव्वाआठ तास आपण ‘उपचार’ म्हणून मोजतो. उरलेल्या दीड महिन्यात कुठे झोपायचं, काय खायचं, कपडे कुठे वाळत घालायचे हे ‘वैयक्तिक’ म्हणून सोडून देतो. मजुरी धरली तर? 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला 312 रुपये होता. पंचेचाळीस दिवसांचे एका माणसाचे होतात 14,040 रुपये, दोघांचे अठ्ठावीस हजार ऐंशी. यात खोलीभाडं नाही, वडापाव नाही, परळ ते धर्मशाळा टॅक्सी नाही, गावाकडे शेजाऱ्याच्या हवाली केलेल्या म्हशीचं दूध नाही. मधे दोन-चार दिवस गावी जाऊन येऊ म्हटलं तर तेही अंगाशी येतं. रेडिएशनमध्ये पडलेला खंड ही वेळापत्रकातली साधी चूक नसते. एकूण काळ लांबला की शिल्लक पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते आणि रोग आटोक्यात येण्याची शक्यता घटते. म्हणजे खोलीचं भाडं संपलं म्हणून माणूस आठवडाभर घरी गेला, तर तो आठवडा त्याच्या डोसातून वजा होतो.

आता हा बरोबरचा माणूस करतो काय, ते जरा जवळून पाहू. घशाला रेडिएशन चाललंय, तोंड आतून सोललंय, गिळता येत नाही, म्हणून नाकातून नळी घातलेली आहे. हॉस्पिटलात तिला राईल्स ट्यूब म्हणतात. या नळीतून दर दोन तासांनी पातळ अन्न द्यायचं. डाळ-तांदळाची मऊ खिचडी, दूध, अंडं, थोडं तेल मिक्सरमधून बारीक करायचं आणि गाळून घ्यायचं, कारण एक शीत अडकलं तरी नळी बंद. पेशंटला उशांवर टेकवून बसवायचं, मोठ्या सिरिंजनं सावकाश सोडायचं, घाई केली तर उलटी. शेवटी पाणी सोडून नळी धुवायची आणि अर्धा तास त्याला आडवं होऊ द्यायचं नाही, नाहीतर अन्न फुप्फुसात जायची भीती. दिवसातून सात-आठ वेळा हे. कुणीतरी एकदा करून दाखवतं, त्यानंतर ते दुसरी-तिसरी शिकलेल्या बाईनं धर्मशाळेच्या सामाईक स्वयंपाकघरात जमवायचं असतं, आणि त्या स्वयंपाकघरात मिक्सर असेलच असं नाही. किमोचं आणखी वेगळं. डोस झाला की पेशंट संध्याकाळी बाहेर पडतो आणि खरा धोका त्यानंतर सुरू होतो. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली येतात. ‘काउंट उतरले’ असं सगळे म्हणतात. या दिवसांत ताप शंभरच्या वर सरकला तर सकाळची वाट बघायची नसते. अशा तापात पहिलं अँटिबायोटिक तासाभरात शिरेत जावं असं वैद्यकशास्त्र सांगतं. हा ताप ओळखतं कोण? रात्री दोन वाजता कपाळाला हात लावणारी बायको किंवा आई. थर्मामीटर वाचता येणं, टॅक्सीला पैसे हाताशी असणं आणि रुग्णालय तासाभराच्या अंतरावर असणं, यांवर त्या रात्री जीव तगतो. हे काम नर्सिंगचंच आहे. रुग्णालयात ते करणाऱ्याला प्रशिक्षण, पगार, पाळी आणि सुट्टी असते. इथे ते चोवीस तास आणि फुकट होतं.

अनेकांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट अशी, की वैद्यक जितकं पुढे जातं तितकं हे काम वाढत जातं. पूर्वी दहा दिवस खाटेवर ठेवलेला पेशंट आता तिसऱ्या दिवशी ड्रेन लावलेल्या अवस्थेत घरी पाठवता येतो. पूर्वी भरती करून द्यायची किमो आता डे-केअरमध्ये खुर्चीत बसून होते. हाताच्या शिरेतून आत सरकवलेली लांब लाईन महिनोन्‌महिने तिथेच राहते आणि आठवड्याला तिची सफाई व्हावी लागते. यात पेशंटचं हितच आहे. घर बरं वाटतं, जंतुसंसर्ग टळतो, खाट दुसऱ्याला मिळते. पण खाटेचा जो दिवस रुग्णालयाच्या हिशेबातून कमी झाला, तो हवेत विरला नाही. तो घरच्यांच्या खाती गेला, आणि कागदावर ‘बचत’ म्हणून दिसू लागला.

घरच्यांच्या म्हणजे बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यातली सरासरी दिवसाला 299 मिनिटं निघाली आणि पुरुषांची 97. आधीच पाच तास जातात तिथे दर दोन तासांची नळी वाढते. आणि आजारी तीच पडली तर? मग नवरा किंवा मुलगा रोज बुडवून बरोबर येतो, आणि गावाकडचं घर आठवीतल्या मुलीच्या अंगावर पडतं. संघटित क्षेत्रात थोडा आधार आहे, पण तो कुणाला ते पाहा. कर्मचारी राज्य विम्यात कॅन्सर झालेल्या कामगाराला अटी पूर्ण होत असतील तर दोन वर्षांपर्यंत मजुरीच्या 80 टक्के विस्तारित आजारलाभ मिळतो. चांगली तरतूद आहे, पण ती पेशंटसाठी. त्याच्या बायकोनं कारखान्यातली नोकरी सोडून त्याची नळी सांभाळली तर तिच्या नावावर शून्य. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्याला मुलासाठी आख्ख्या नोकरीत 730 दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. ल्युकेमिया झालेल्या मुलाची आई दिल्लीच्या सचिवालयात असेल तर तिचा उपचारकाळ या रजेत निभावू शकतो. ती ऊसतोडीला जाणारी असेल तर उचल फेडायची तशीच राहते.

‘पण आता योजना आहेत की,’ असं लगेच म्हटलं जातं. आहेत, आणि त्यांनी लाखो कुटुंबांना मोठा दिलासा दिला आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली योजना 2017 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आणि पुढे तिचं कवच दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं. 2018 पासून केंद्राची आयुष्मान भारत आली. शस्त्रक्रिया, किमो, रेडिएशन यांची पॅकेजं त्यात आहेत. अडचण पॅकेज या कल्पनेतच आहे. पॅकेज सुरू होतं निदान झाल्यावर, भरतीच्या आगेमागे. आयुष्मानमध्ये भरतीपूर्वीचे तीन दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस धरलेले आहेत. पण कॅन्सरचं निदान तीन दिवसांत होतं कुठे? गाठीचा तुकडा काढायचा, त्याचा रिपोर्ट यायचा, मग स्लाईड-ब्लॉक दुसऱ्या ठिकाणी दाखवायचा, मग सीटी, मग आणखी एक तपासणी. यात महिना सहज जातो आणि तो सगळा ओपीडीत, खिशातून. देशातल्या सात रुग्णालयांतल्या बारा हजारांहून जास्त कर्करुग्णांची पाहणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात रुग्णाचा स्वतःच्या खिशातून होणारा खर्च वर्षाला सरासरी तीन लाख एकतीस हजारांच्या घरात निघाला, आणि ओपीडीच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा, छत्तीस टक्क्यांच्या आसपास, तपासण्यांचा होता. त्याआधी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 75 व्या फेरीत, म्हणजे 2017-18 मध्ये, कॅन्सरच्या एका भरतीचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात बावीस हजारांच्या आणि खासगीत त्र्याण्णव हजारांच्या पुढे होता. फुले योजनेच्या पॅकेजात पेशंटचं जेवण आणि घरी परतायचं एस.टी.चं किंवा दुसऱ्या वर्गाचं रेल्वेभाडं धरलेलं आहे. कुणाला तरी प्रवास सुचला होता, हे बरंच. पण एका परतीच्या तिकिटानं एका शस्त्रक्रियेचा आजार भागतो. तीन-तीन आठवड्यांनी सहा किंवा आठ वेळा यावं लागणाऱ्याला ते पुरत नाही, आणि बरोबरच्या माणसाला त्यात ताटही नाही आणि तिकीटही नाही.

इथपर्यंतचं वाचून कुणी म्हणेल, हाल होतात हे मान्य, पण त्यानं आजार बरा होण्यावर परिणाम होतो हे कशावरून? याचा सर्वांत स्पष्ट पुरावा मुलांच्या कॅन्सरमध्ये मिळतो. रक्ताचा जो कॅन्सर मुलांत सर्वाधिक आढळतो, त्यात श्रीमंत देशांत दहातली नऊ मुलं बरी होतात. औषधं बहुतांशी जुनी आणि स्वस्त आहेत, आपल्याकडेही तीच वापरतात. फरक ज्या अनेक कारणांनी पडतो त्यातलं एक मोठं कारण म्हणजे अर्ध्यावर सुटणारे उपचार. हा उपचार दोन ते अडीच वर्षं चालतो. चार-सहा महिन्यांनी मूल हसायला-खेळायला लागतं, घरचे पैसे संपलेले असतात, धाकटं भावंड गावी आजीपाशी रडत असतं, आणि आई-बाप एक दिवस परत येत नाहीत. सलग चार आठवडे उपचार चुकले की डॉक्टरी भाषेत त्याला उपचार सोडणं म्हणतात. टाटा मेमोरियलच्या बालविभागात 2009 च्या सुमारास दर पाचातलं एक मूल असं गळत होतं किंवा उपचार घेतच नव्हतं. त्यानंतर विभागानं समाजसेवक, समुपदेशक आणि देणगीदार संस्था यांची घडी बसवली. नाव नोंदवतानाच राहायची सोय आहे का विचारायचं, औषधाच्या पैशांची तजवीज करायची, मूल ठरल्या दिवशी आलं नाही की फोन करायचा. काही वर्षांत गळतीचं प्रमाण वीसात एकाच्या जवळपास आलं. त्यासाठी नवं औषध लागलं नाही, नवं मशीनही लागलं नाही. 2006 मध्ये सुरू झालेल्या सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सचं कामही याच धर्तीचं. मूल आणि आई-बापांना उपचार संपेपर्यंत स्वच्छ खोली, शिधा, रुग्णालयात जायला गाडी. त्यांच्या स्वयंपाकघरात प्रत्येक कुटुंबाला वेगळी शेगडी असते, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. काउंट उतरलेल्या मुलाला बाहेरचं चालत नाही, आणि तोंड आलेलं मूल खाल्लं तर आईच्या हातचंच खातं. बंगालची आई मासे शिजवते, मराठवाड्यातली भाकरी थापते. इथे शेगडीसुद्धा औषधयोजनेचा भाग झाली आहे.

मोठ्यांच्या बाबतीत मात्र आपण हे शिकलो नाही, म्हणजे सगळीकडे शिकलो नाही. गंमत अशी की सरकारच्याच दोन खात्यांना ही गोष्ट कळलेली आहे. रेल्वे उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये पूर्ण, तर दुसऱ्या वर्गात 75 टक्के सवलत देते, आणि बरोबरच्या एका माणसालाही या वर्गांत 75 टक्के देते. 2020 मध्ये कोविडच्या निमित्तानं ज्येष्ठ नागरिकांची सवलत गेली, ही टिकली. टीबीचंही तसंच. रुग्णाला नुसत्या गोळ्या देऊन भागत नाही, पोटात अन्न लागतं, हे मान्य करून 2018 पासून निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 500 रुपये थेट खात्यात जाऊ लागले आणि नोव्हेंबर 2024 पासून त्याचे हजार झाले. रक्कम तुटपुंजी आहे हे खरं. पण अन्न हा उपचार आहे असं एकदा सरकारी कागदावर आलं, की रक्कम वाढवण्याची मागणी तरी करता येते. कॅन्सरमध्ये अजून ती ओळच कागदावर नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप पैशांचा आहे. ग्लोबोकॅन या कॅन्सरच्या जागतिक आकडेवारीच्या अंदाजानुसार 2022 मध्ये देशात चौदा लाखांवर नवे रुग्ण आणि नऊ लाखांवर मृत्यू झाले. रेडिएशनची मशीनं गरजेहून कितीतरी कमी आहेत, गाठ तपासणारे पॅथॉलॉजिस्ट नाहीत, आणि तुम्ही नातेवाइकांच्या जेवणाचं काय घेऊन बसलात? हा आक्षेप करणारे बहुतेक प्रामाणिक असतात, स्वतः राबणारे असतात. पण अर्धवट सुटलेल्या उपचाराचा खर्च त्यांनी हिशेबात धरलेला नसतो. ज्या पेशंटनं आठपैकी पाच किमो घेतल्या आणि मग गाव गाठलं, त्याच्या पाच किमोंचे, शस्त्रक्रियेचे, तपासण्यांचे पैसे तिजोरीतून गेलेलेच असतात, आणि रोग उलटला की तो परत येतो तेव्हा उपचार आणखी महाग झालेला असतो. मशीन आणि माणूस असा झगडा इथे लावायचं कारण नाही. मशीनवर केलेला खर्च वसूल व्हायचा तर पेशंट तेहतिसाव्या दिवशीही समोर आला पाहिजे. दुसरं म्हणणं असं, की उपचारच घराजवळ न्या, मग राहण्याचा प्रश्न उरणार नाही. हे अगदी रास्त आहे आणि घडतंही आहे. 2012 पासून राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडनं देशभरातली केंद्रं जोडली, वाराणसीत टाटा मेमोरियलची रुग्णालयं उभी राहिली, 2025-26 च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं आणि त्यातली 200 त्याच वर्षी, अशी घोषणा झाली. आपल्याकडे बार्शीनं तर हे फार आधी करून दाखवलं. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाशी जोडलेली कॅन्सर नोंदणी 1987 ची, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. पण जिल्ह्याला किमो मिळाली तरी तालुक्याच्या टोकाचा माणूस पहाटेच्या एस.टी.नंच येणार, त्याच्याबरोबर कुणीतरी रोज बुडवणारच, आणि त्या संध्याकाळी घरी परतलेल्या पेशंटचा दहाव्या दिवशीचा ताप घरातच पकडावा लागणार. जवळ आल्यानं खोलीभाडं वाचतं. रात्रीची राखण वाचत नाही.

आणखी एक आक्षेप आहे, तो जरा भावनेचा. आईबापाचं करणं हे आपलं कर्तव्य, त्याचे पैसे कसले मागायचे? असं केलं तर नात्याचा बाजार होईल. मला हा युक्तिवाद ऐकताना नेहमी वाटतं, की तो करणाऱ्यानं दादरला एक चक्कर मारावी. कर्तव्याबद्दल गाडगेमहाराजांहून कडक कोण बोललं असेल? पण त्यांनी नातेवाइकांना नुसती कीर्तनं ऐकवली नाहीत. पंढरपूर, आळंदी, नाशिकला वारकऱ्यांसाठी बांधल्या तशा धर्मशाळा मुंबईत रुग्णांबरोबर येणाऱ्यांसाठीही उभ्या केल्या, आणि त्यांच्या मागे त्यांच्या मिशननं दादरची धर्मशाळा कर्करुग्णांसाठी चालवली. सेवा करणाऱ्यालाही पाठ टेकायला जागा लागते, इतका साधा तो विचार. परळमध्ये 1968 पासून नाना पालकर स्मृती समितीचं काम आहे, हरखचंद सावला यांच्या जीवन ज्योत ट्रस्टनं वर्षानुवर्षं या फुटपाथवर जेवण वाटलं आहे. मग दान आहेच की, सरकारनं कशाला पडायचं, असा अर्थ यावरून कुणी काढेल. पण दानाला यादी नसते. धर्मशाळेत खोली रिकामी आहे की नाही यावर एखाद्याचं रेडिएशन अवलंबून असणं, हे ऑक्सिजनचा सिलिंडर वर्गणीतून आणण्यासारखं आहे. या संस्थांनी काय लागतं ते दाखवून दिलं, त्यापलीकडे साठ हजारांचा भार त्यांच्यावर टाकणं अन्यायाचं. खोटी बिलं लावून लोक पैसे उकळतील, ही शंका मात्र फार ताणायचं कारण नाही. लग्नाचा दाखला खोटा काढता येतो. पण खोटं खोटं तेहतीस वेळा मशीनखाली कुणी झोपत नाही. पेशंटची त्या दिवशीची हजेरी हाच बरोबरच्या माणसाचा पुरावा, आणि ती हजेरी रुग्णालयाच्या संगणकात तशीही असतेच.

एका गोष्टीत मात्र नातेवाइकांची बाजू घेताना हात आखडावा लागतो. ‘पेशंटला सांगू नका’ हे आपल्या ओपीडींतलं दुसरं ठरलेलं वाक्य. आजार पेशंटचा, आणि त्याचं नाव पेशंट सोडून सगळ्यांना ठाऊक. बापाला ‘गाठ आहे, शेक दिला की जाईल’ एवढंच सांगून दीड महिना मुंबईत ठेवलेलं असतं. यामागे माया असते, आणि कधी कधी जमिनीचे कागदही असतात. बरोबरच्या माणसाचा हक्क वाढवा म्हणताना पेशंटचा हक्क आकसता कामा नये. पण दोन्हींना उपाय एकच लागतो, तो म्हणजे या माणसाशी निवांत बोलणारं कुणीतरी रुग्णालयात असणं. मुंबईच्या वांद्र्याला शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणारं शांती अवेदना सदन 1986 मध्ये सुरू केलं ते टाटाचेच सर्जन डॉ. लुईस जोझे डिसोझा यांनी. बरं होणं थांबल्यावर पेशंट आणि घरचे दोघांशीही बोलावं लागतं, हे तिथे गृहीतच धरलेलं आहे. ते पहिल्या दिवसापासून धरायला काय हरकत आहे? बालविभागातल्या समाजसेविका नाव नोंदवताना विचारतात: कुठे उतरलात? घरी धाकट्यांजवळ कोण आहे? रजा किती दिवसांची मिळाली? थर्मामीटर आहे का, बघता येतो का? चार प्रश्न, पाच मिनिटं. मोठ्यांच्या बहुतेक ओपीडींत अजून खिडकीतून एवढंच विचारलं जातं, की पेशंटबरोबर कोण आहे, आणि त्यांचा मोबाईल नंबर सांगा.